उपवासाचं दळण

मी बालवाडीत शिकवत होते, त्यामुळं बोलताना 'आहे', 'नाही' असं नीट म्हणते. पण डोकं तापलं की माहेर तोंडात येतं आणि 'हाय', 'न्हाय' सुरू होतं. घरातले सगळे त्यावरूनच ओळखतात. आमचे हे तर माझा पहिला 'हाय' ऐकला की पेपर घेऊन गच्चीवर जातात. त्या आठवड्यात तर त्यांनी गच्चीवरच संसार मांडला होता म्हणा ना. सुनेचं डोहाळजेवण तोंडावर आलेलं आणि माझं डोकं दिवसभर तापलेलं.

सून म्हणजे अंकिता, आमच्या आदिनाथची बायको. अकलूजची. चहूबाजूंनी ऊस, जिकडंतिकडं कारखाने, आणि नेमकी तिलाच साखर बंद! गरोदरपणात साखर वाढली. त्याच्या आधीपासून गहू बंद होताच. लग्नानंतर वर्षभर पोरगी नुसती वाळत चालली होती. जेवली की पोट धरून कोपऱ्यात बसायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. शेवटी मीच हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडं नेली, तेव्हा कळलं की हिच्या आतड्याला गहू चालत नाही. थोडा नाही, चिमूटभर नाही, गव्हाचा हात लागलेलंही नाही. आता सातवा महिना लागला आणि सोनोग्राफीत बाळ बारीक निघालं. डॉक्टरीणबाई अंकिताला सोडून मलाच दम देत म्हणाल्या, "तिच्या पोटात गव्हाचा कण गेला की खाल्लेलं अंगी लागत नाही, मग बाळाला कुठून मिळणार? घरात तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही लक्ष ठेवा." झालं. त्या दिवसापासून मी पहारेकरीण.

तसं काम अवघड नव्हतं. सोलापुरात ज्वारीला काय तोटा? भाकरी, शेंगाचटणी, आमटी, पोरगी खायची. तिची भांडी वेगळी, मिक्सरचं भांडं वेगळं, ज्वारीचा डबा वेगळा. ज्वारी दळायला मी सोमवारी सकाळी द्यायची. आमच्या गल्लीतला गिरणीवाला सोमशेखर सोमवारी जातं धुऊन-पुसून पहिली पाळी उपवासाच्या दळणाला देतो. वरी, राजगिरा, शिंगाडा. उपवासाचं पीठ गव्हावर दळलेलं चालत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याच्यापुढं आतड्याचा आजार सांगत कोण बसणार? म्हणून मी डबा पुढं सरकवून म्हणायची, "उपवासाचं आहे." एकदा त्यानं झाकण उघडून बघितलं.

"बाई, ज्वारीचा कसला हो उपवास?"

"आमच्यात असतो," मी म्हटलं. त्यानं झाकण लावून डबा पहिल्या पाळीत ठेवला. तेव्हापासून दर वेळी तो विचारणार, "बाई, उपवासाचं का?" आणि मी म्हणणार, "हो." आमचं असं छान चाललं होतं.

माझं दुखणं वेगळंच होतं. ही पोरगी कधी काही मागायचीच नाही. आई ती दहावीत असतानाच गेली. बापाला आणि धाकट्या भावाला वाढता वाढता हिला एकच शब्द ठाऊक राहिला, 'पुरे'. भाजी वाढायला गेलं की पुरे, भात पुरे, ताक पुरे. सातवा महिना लागला, पण एक डोहाळा नाही! चिंच नाही, कैरी नाही, चुलीची माती नाही. मी माझ्या वेळी भर उन्हाळ्यात हुरडा मागून घराला वेड लावलं होतं. हिला विचारलं की हसणार, "काही नाही आई, बरंय सगळं." असला राग यायचा मला! आणि मग रात्री तिच्या डोक्याला मीच तेल लावत बसायची.

फक्त एकदा दुपारी मी शेंगा निवडत होते तेव्हा तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. कुठल्या तरी बाईनं नारळाच्या पिठाचा केक केला होता. गहू नाही, मैदा नाही, साखर नाही. "आई, बघा ना, कसा मऊ फुगलाय," म्हणाली, आणि लगेच मोबाईल पालथा ठेवून माझ्याबरोबर शेंगा निवडायला लागली. मागितलं काहीच नाही. पण तिचे डोळे मी बघितले होते. तिथंच मी ठरवलं, डोहाळजेवणाच्या ताटात हा केक पडणार म्हणजे पडणार.

आता मला काय केक येतो? नानकटाई येते, तीसुद्धा बेकरीच्या भट्टीवर भाजून आणलेली. पहिल्यांदा वाळकं खोबरं मिक्सरमध्ये फिरवलं तर तेल सुटून त्याचा गोळा झाला. मग अंकितानं सांगितलं, ओल्या नारळाचं दूध पिळून काढायचं आणि उरलेला चोथा वाळवून दळायचा, ते पीठ. आपल्या उन्हात चोथा दोन तासांत कडकडीत. पण मिक्सरमध्ये भरडच राहिला. तो मैद्याच्या मापानं घातला तर केक कसला, गोवरी झाली! ते पीठ पाणी असं पितं की बघत राहावं. आदिनाथ चिंचोळीच्या एमआयडीसीतून दमून आला होता, त्यानं एक घास घेतला.

"आई, हे खायचंय का भिंतीला लावायचंय?"

"तुला गिळायचा असंल तर गीळ, न्हायतर ठेव तितं!" म्हटल्यावर ह्यांनी पेपर उचलला.

पुढं जमलं. पीठ अगदी थोडं, अंडी भरपूर, नारळाचं दूध, वेलची, जायफळ, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिलेलं अर्धं केळं. साखरेचा दाणा नाही. स्टीलच्या वाट्यांत घालून आदिनाथच्या छोट्या ओव्हनमध्ये ठेवला तर टम्म फुगला. फक्त खाताना दाताखाली कचकच लागायची. डोहाळजेवणाला असला कचकचीत केक ठेवणार होय मी? चोथा मैद्यासारखा बारीक हवा, म्हणून सोमवारी सकाळी डबा घेऊन गिरणीत निघाले.

तेवढ्यात दुधनीहून फुलाबाई आत्याबाईंचा फोन. ह्यांच्या सख्ख्या आत्या. वय झालंय, पण आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. "माला, मी हुग्गी घेऊन येती बघ. खपली गव्हाची, गूळ-तूप घालून. नातसुनंला पैला घास माज्या हातचा."

"आत्याबाई, तिला गहू चालत नाही. आजार आहे."

"अगं आजार-बिजार काय न्हाय. आजकालच्या पोरींचं आतडंच नाजूक. एका घासानं काय होतंय? माज्या हातची हुग्गी खाऊन तुजा नवरा पैलवान झाला की!"

पैलवान वरती गच्चीवर होते. मी रस्त्यात उभी राहून सांगून सांगून थकले. बाई ऐकायला तयार नाही. फोन ठेवला तेव्हा माझी कानशिलं तडतड उडत होती. तशीच गिरणीत शिरले आणि डबा दाणकन ठेवला.

"बाई, उपवासाचं का?" सोमशेखरनं नेहमीसारखं विचारलं.

"न्हाय! केकचं हाय! केकचा कसला आलाय उपवास?"

तो दचकला. "बरं बरं, बाई," म्हणाला. मी तणतणत घरी आले. संध्याकाळी गिरणीतल्या पोरानं डबा आणून दिला. पीठ असं मऊ की बोटांना रेशमासारखं लागलं. मी खूश.

डोहाळजेवणाच्या दिवशी घर भरलं. अंकिताला हिरवी साडी, अंगावर फुलांचा साज. वाळलेली पोरगी त्या दिवशी अशी भरलेली दिसत होती की माझीच दृष्ट लागेल म्हणून मी दोनदा मीठमोहऱ्या ओवाळल्या. ओटीला मी गहू ठेवूच दिले नाहीत, तांदूळ ठेवले. शेजारची म्हाळसाबाई म्हणाली, "अगं, ओटीतला गहू काय ती तोंडानं खाणार हाय?" म्हटलं, राहू दे, मला गव्हाचं तोंड बघायचं नाही. गल्लीतल्या बायकांनी एकेक करून ओटी भरली. नारळांचा ढीग लागला.

फुलाबाई आत्याबाई पितळेचं पातेलं मांडीला टेकवून बसलेल्या. त्यांनी अंकिताची हनुवटी धरली. "पोरी, डोहाळं कसलं लागल्यात?"

"काही नाही, आजी."

"काय न्हाय? असं कुटं असतंय व्हय?" आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच पोरीला उपाशी ठेवलंय. मग पातेल्याचं झाकण काढलं. तुपाचा, गुळाचा वास घरभर झाला. अंकिताचा चेहरा उतरला. मला ठाऊक होतं, ही नाही म्हणणार नाही. मोठ्या माणसाचा हात ती मागं सारणार नाही. निमूट खाणार आणि रात्रभर पोट धरून बसणार.

माझा बेत ठरलेला होता. मी मध्ये घुसले. "आत्याबाई, आधी माझा घास, मी सासू आहे की!" आणि केकची वाटी अंकिताच्या हातात दिली. तिनं केक बाहेर काढला. फुगलेला, वरून बदामी. तिनं तो नाकाशी नेला, वास घेतला आणि माझ्याकडं बघून हसली. पोटातून आलेलं हसू होतं ते. बायका गाणं म्हणत होत्या.

नेमका तेव्हाच सोमशेखर दारात आला. संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ घेऊन. अंगावर पिठाचा थर, तोंडभर हसू.

"बाई, खोबऱ्याचं पीठ कसं निघालं? लई तेलकट हो, सगळं दगडालाच धरलं. मग काय, वरनं ओंजळभर गहू सोडला आन् सगळं साफ काढून दिलं तुमाला. चिमूटभर वाया जाऊ दिलं न्हाय!"

केक अंकिताच्या ओठाशी होता.

मी कशी पोचले मला आठवत नाही. तिच्या हातावर असा फटका मारला की केक उडून पाटाखाली गेला. "खाऊ नगं! थुंक! गेलं का पोटात? गेलं का?" ती घाबरून मान हलवत राहिली. ओठाला लागलेला चुरा मी माझ्या पदरानं पुसला. गाणं बंद झालं. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "माला! डोकं फिरलं का तुजं? भरल्या ओटीच्या पोरीच्या तोंडातला घास काढतीस?"

ताटात काय होतं? गव्हाची हुग्गी आणि गव्हाचा केक. चार दिवस राबून मी माझ्या हातानं तिला तेच द्यायला निघाले होते. मी ओट्याला धरून रडायला लागले, सगळ्यांसमोर.

अंकितानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या आई. मी फळं खाईन नंतर. बरंय सगळं."

"असू दे न्हाय!" मी ओरडले. "रोज तुजं असू दे आन् पुरे! आज न्हाय चालणार! आज तू हितं पोटभर खाणार हाईस!"

दारातला सोमशेखर पांढराफटक पडला होता, निम्मा पिठानं, निम्मा भीतीनं. "बाई... म्हंजी ते उपवासाचंच होतं व्हय? मी इचारलं तुमाला. तुमी न्हाय म्हणालात." त्यानं दोन्ही गालांवर मारून घेतलं. "अय्यो देवा, उपवासाच्या पिठात मी गहू घातला!"

'उपवास' ऐकलं आणि आत्याबाईंचा चेहरा पालटला. "कुणाचा उपवास?"

"अंकिताचा," मी नाक पुसत म्हटलं. "गव्हाचा. जन्मभराचा. कणसुद्धा चालत न्हाय तिला."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की! फोनवर घसा फुटंस्तवर सांगितलं!"

"तू आजार म्हणालीस! आजाराला काय, येतोय जातोय. उपवास म्हणालीस व्हय एकदा तरी? दुसऱ्याचा उपवास मोडायला मी पापी हाय का?" आत्याबाईंनी हुग्गीच्या पातेल्यावर धाडकन झाकण ठेवलं आणि ते उचलून लांब परसात नेऊन ठेवलं. परत आल्या त्या पदर खोचूनच. "पंगत थांबवा! पोरीच्या पोटात काय जात न्हाय तवर हितं कुणी जेवायचं न्हाय. माला, त्या खोबऱ्याच्या पिठाला काय लागतंय?"

"नारळ."

सगळ्या बायकांनी एकदमच ओटीतल्या ढिगाकडं बघितलं.

सोमशेखर लगबगीनं आत आला. "नारळ मी फोडतो, आजी."

"खाली उतर पायरीच्या!" आत्याबाई अशा गरजल्या की तो उलट्या पावलानं बाहेर. "अंगावर सगळा गहूच गहू! जा, अंघोळ करून ये."

आणि खरंच गेला हो तो. ओल्या केसांनी, धुतला शर्ट घालून परत आला आणि पायरीवर बसून एकेक नारळ फोडून देऊ लागला. म्हाळसाबाईनं विळी घेतली, दुसरीनं खवणी. जरीच्या साड्या नेसून आलेल्या बायका फरशीवर बसून नारळ खोवत होत्या. मी दूध पिळून काढलं, चोथा कढईत मंद आचेवर परतला, अंकिताच्या भांड्यात दोनदा फिरवला, चाळणीनं चाळला. वाट्या, ओव्हनची ताटली, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. आत्याबाई माझ्या डोक्याशी उभ्या.

"हे काय? अंडी?"

"व्हय, लागत्यात."

"उपवासाला अंडी?"

"गव्हाचा उपवास हाय आत्याबाई, अंड्याचा न्हाय."

"बरा हाय बाई तुमच्यातला उपवास," म्हणाल्या आणि चार अंडी स्वतः फोडून दिली.

ओव्हन लहान. सहा वाट्या बसल्या. भुकेल्या बायका ओव्हनच्या काचेसमोर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. "फुगतंय गं, फुगतंय!" आमचे हेसुद्धा गच्चीवरून खाली येऊन मागून डोकावत होते.

पहिली वाटी अंकिताच्या हातात दिली. ह्या वेळी घास भरवायला आत्याबाई पुढं झाल्या नाहीत, दोन्ही हात पाठीमागं धरून उभ्या राहिल्या. अंकितानं हळूहळू खाल्ला. थोडा कचकचत असणार, घाईत दळलेला. पण तिनं वाटीच्या तळाला लागलेलंसुद्धा बोटानं पुसून खाल्लं. मग पंगत बसली, सोमशेखरलाही बसवलं. परसातली हुग्गी आली, आमटी आली. उरलेल्या केकवर बायकांनी "जरा चव बघू" म्हणत कधी हात मारला मला कळलंच नाही. मीही त्या आनंदात देत सुटले. एक तुकडा आत्याबाईंच्या ताटात, हुग्गीशेजारी.

मी भात वाढत होते. मागून पदर ओढला गेला. अंकिता होती. लाजल्यासारखी, मान खाली.

"आई... अजून एक आहे का?"

मी भातवाढी पातेल्यात ठेवली. किती दिवस वाट बघितली होती मी ह्या वाक्याची! आणि सहाच्या सहा वाट्या रिकाम्या. मला माझ्याच दातृत्वाचा असा संताप आला की काय सांगू.

पंगतीत आत्याबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी आपल्या ताटातला तुकडा झटकन उचलला, "घे पोरी" म्हणून हात पुढं केला, आणि मध्येच थांबल्या. बोटांवरून हुग्गी ओघळत होती. त्यांनी तो तुकडा परत ताटात ठेवला. भरल्या ताटावरून कधी न उठणारी ती बाई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि न्हाणीत गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. एकदा धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. आम्ही सगळ्या बघत होतो.

बाहेर येऊन त्यांनी ओले हात लांब धरून ढिगातला एक नारळ उचलला.

"सोमशेखर! जेवतोस काय, ऊठ, अंघोळ कर! आमच्या पोरीला डोहाळा लागला रे!"